अर्ध्या गुणासाठी एक रात्र

देवळाच्या ओट्यावर बुद्धिबळे रंगली, की खेळणारे दोघे आणि सुचविणारे चारचौघे, हे तुम्ही पाहिले असेलच. सामन्यात असे सुचविणे नियमाबाहेरचे. तरी एके काळी त्याला एक वाट मोकळी होती. ती कशी, ते १९६२ सालच्या एका डावावरून पाहा.

त्या वर्षी बल्गेरियातील वार्ना येथे संघांचे ऑलिंपियाड भरले होते. अशा लढतीत चार पटांवर चार डाव चालतात. जिंकल्यास एक गुण, बरोबरी झाल्यास अर्धा. आणि गुण जमा होतात संघाच्या नावावर. सोव्हिएत संघाच्या पहिल्या पटावर जगज्जेते मिखाईल बोटविनिक, वय ५१. समोर अमेरिकेचा बॉबी फिशर, अवघा १९ वर्षांचा.

बोटविनिक घरून तयारी करून आले होते. पण सतराव्या खेळीला फिशरच्या काळ्या वजिराने एक पांढरे प्यादे मारले, तेही उंटाच्या तोंडी! पोराची चूक झाली म्हणावे, तर तसे नव्हते. तो पांढरा उंट एकटा आणि त्याची कामे दोन: प्यादे राखायचे व आपला वजीरही राखायचा. त्याने काळा वजीर घेतला, तो इकडे काळ्या घोड्याने पांढरा वजीर उचलला. वजिराला वजीर फिटला, प्यादे फुकट गेले. गुरुजी, मुलांना ही जागा पटावर जरूर मांडून दाखवा.

त्या काळी ठरलेली वेळ संपली की डाव तहकूब होई. पाळी असेल त्याने पुढची खेळी लिहून पाकिटात बंद करायची. पाकीट पुढच्या बैठकीला उघडत. मधल्या वेळात मात्र कोणाचाही सल्ला घ्यावा. हा डाव थांबला तेव्हा दोघांचा एकेक हत्ती व थोडी प्यादी उरली होती. फिशरचे एक जास्त. डावही त्याचाच दिसत होता.

रात्री सोव्हिएत मंडळी पटाभोवती बसली. तोड काढली संघातल्या येफिम गेलर यांनी. काळ्याची एका बाजूची दोन प्यादी जोडीने सुटतात ना? सुटू द्या, तोवर दुसऱ्या टोकाचे आपले प्यादे पुढे रेटा. खेळणाऱ्याच्या अंगावर काटाच यावा असा हा सल्ला! पण ६८ खेळींनंतर डाव बरोबरीत सुटला. त्या डावाच्या नोंदीत गेलर यांचे नाव नाही.

सोव्हिएत संघाने सुवर्णपदक मिळविले. डाव जिंकता आला असता, असे फिशरने १९६९ च्या आपल्या पुस्तकात मांडले. बोटविनिक यांना ते मान्य झाले नाही. दोघे पुन्हा कधी समोरासमोर बसले नाहीत. पुढे संगणक आले, रात्रीचा सल्ला यंत्र देऊ लागले, आणि तहकुबीची पद्धतच बंद पडली.