सोनं, शहागड आणि टिटटिट करणारी काठी

"मेटल डिटेक्टर घेतलास म्हणे! मग सोनं कधी काढतोस?" होस्टेलच्या मेसपासून आमच्या शहागडच्या एसटी स्टँडपर्यंत हा एकच प्रश्न मला किमान पन्नास जणांनी विचारला असेल. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकावं, म्हणून हा लेखप्रपंच. चुलतभाऊ आणि मी पैसे जमवून सेकंडहँड डिटेक्टर घेतला आणि पोळ्याच्या सुट्टीत गावी नेला. जे शिकलो ते असं.

आधी भूगोल, मग भांडवल

शहागड जालना जिल्ह्यात, अंबड तालुक्यात, गोदावरीच्या काठावर आहे. पूल ओलांडला की बीड जिल्हा. आमच्या पायाखालचा खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. सोन्याच्या शिरा मात्र बहुधा फार जुन्या खडकांत, गारगोटीच्या सोबतीने सापडतात. कर्नाटकातलं कोलार आणि रायचूर जिल्ह्यातलं हट्टी ही त्याची उदाहरणं. तिथले खडक अडीचशे कोटी वर्षांहून जुने आहेत. कोलारच्या खाणी ३ किलोमीटरहून खोल गेल्या आणि २००१ मध्ये बंद झाल्या. हट्टी चालू आहे. आपल्या महाराष्ट्रात सोन्याच्या खुणा मिळाल्या त्या पूर्वेला, भंडारा-नागपूरकडच्या जुन्या खडकांत.

गोदावरी त्र्यंबकेश्वरला उगम पावते आणि आमच्या गावापर्यंत बेसाल्टवरूनच वाहत येते. म्हणजे वाटेत सोन्याचा खडकच नाही, तर वाळूत सोनं येणार कुठून? तेव्हा शहागडला "गोल्ड प्रॉस्पेक्टिंग" करायला कोणी येणार असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवावं.

मग आपल्याकडे मातीतून सोनं कोणीच काढत नव्हतं का? काढत होतं! सराफ बाजारातली, सोनाराच्या दुकानातली माती-राख विकत घेऊन, धुऊन त्यातले सोन्याचे कण काढणारे झारेकरी हे आपले अस्सल प्रॉस्पेक्टर. त्यांची युक्ती शुद्ध फिजिक्सची. सोन्याची घनता १९.३, साध्या वाळूची सुमारे २.६५. पाण्यात हलवलं की हलकं वाहून जातं, जड तळाला बसतं. ना बॅटरी, ना सर्किट.

काठी बोलते कशी?

फॅरेडेने १८३१ मध्ये जे सांगितलं आणि आपण सेकंड सेमिस्टरला जे पाठ केलं, तेच इथे आहे. खालच्या थाळीत दोन कॉइल असतात. एकीतून काही हजार हर्ट्झचा एसी प्रवाह जातो, तिचं चुंबकीय क्षेत्र जमिनीत शिरतं. तिथे धातू असेल तर त्यात एडी करंट फिरतात. त्यांचं स्वतःचं क्षेत्र तयार होतं आणि ते दुसरी कॉइल पकडते. परत आलेला सिग्नल किती मोठा आहे आणि त्याची फेज किती मागे पडली आहे, यावरून यंत्र ठरवतं: लोखंड, फॉइल की चांदीचा रुपया.

या कल्पनेचा इतिहासही गमतीचा आहे. टेलिफोनवाल्या ग्रॅहॅम बेलने १८८१ मध्ये अमेरिकेचे जखमी राष्ट्राध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरातली गोळी शोधायला असंच यंत्र लावलं होतं. गोळी काही सापडली नाही. पलंगाच्या गादीतल्या धातूच्या स्प्रिंगांनी गोंधळ घातला असं सांगतात. पुढे दुसऱ्या महायुद्धात सुरुंग शोधायला हे तंत्र कामाला आलं. आणि १९८० मध्ये ऑस्ट्रेलियात एका गृहस्थाला डिटेक्टरने तब्बल २७ किलोचा सोन्याचा गोळा मिळाला, "हँड ऑफ फेथ" नावाचा. पण ती जमीनच सोन्याची होती. काठी तीच, माती वेगळी!

पहिल्या दिवशी काय करावं?

नवीन यंत्र हातात आलं की थेट शेतात पळू नये. क्रम असा:

१) घरातच हवेत चाचणी. मोबाइल, घड्याळ, कडं बाजूला ठेवा. लोखंडी पलंगापासून दूर उभे राहा. खिळा, गुटख्याची पुडी, एक रुपया, चांदीचं जोडवं आणि आईने दिलीच तर सोन्याची अंगठी, एकेक करून कॉइलसमोरून फिरवा. प्रत्येकाचा आवाज आणि आकडा वहीत लिहा. ही वही म्हणजे तुमचं कॅलिब्रेशन.

२) चाचणीचा वाफा. अंगणात ५, १०, १५ आणि २० सेंटिमीटरवर नाणी पुरा आणि खुणा करा. आमच्या मातीत १५ सेंटिमीटरपर्यंत आवाज खणखणीत आला, २० वर नुसती कुजबूज. पिक्चरमधल्यासारखं दहा फुटांखालचा हंडा वगैरे विसरा.

३) ग्राउंड बॅलन्स. आमच्याकडे हेच सर्वांत महत्त्वाचं. गोदेच्या वाळूत साधा लोहचुंबक फिरवा, त्याला काळे कण मिशीसारखे चिकटतात. ते मॅग्नेटाइट, बेसाल्टमधून आलेलं. काळ्या मातीतही ते असतं. त्यामुळे धातू नसतानाही यंत्र किरकिर करतं. धातू नसलेली जागा बघून कॉइल जमिनीपासून दोन-तीन बोटं ते वीतभर अशी वरखाली करा आणि आवाज शांत होईपर्यंत बॅलन्स जुळवा. तरी किरकिर राहिली तर सेन्सिटिव्हिटी कमी करा. फुल्ल व्हॉल्यूमला टेप लावला म्हणून गाणं चांगलं ऐकू येत नाही, तसंच हे.

४) कॉइल फिरवणं. जमिनीला समांतर, सावकाश, आणि आधीच्या पट्ट्यावर निम्मी चढवून. लोलकासारखी टोकाला उचलायची नाही. आवाज आला की आडवी आणि उभी, दोन्हीकडून तपासा. दोन्ही बाजूंनी सारखाच आला तरच खुरपं काढा.

५) डिस्क्रिमिनेशन जपून वापरा. "लोखंड बंद" ठीक आहे, पण "फॉइल बंद" केलंत तर बारीक सोनंही बंद! २२ कॅरेटमध्ये तांबं-चांदी मिसळलेली असल्यामुळे त्याची वाहकता शुद्ध सोन्यापेक्षा बरीच कमी असते. त्यात दागिना पातळ असला की तो यंत्राला पुडीसारखाच वाटतो.

मामीची कुडी

या पाचव्या मुद्द्याची परीक्षा लगेच झाली. आठ दिवसांपूर्वी कापसाच्या खुरपणीत मामीच्या एका कानातली कुडी पडली होती. तिच्या आईने दिलेली, त्यामुळे तिने घरात कोणाला धड सांगितलंही नव्हतं. मी यंत्र आणलंय म्हटल्यावर हळूच म्हणाली, "बघ बरं बाबा, सापडली तर सापडली."

अख्खं शेत चाळण्यापेक्षा आधी तिला विचारलं, त्या दिवशी कोणत्या तासांत खुरपत होता? जेवायला कुठे बसला? पदर कुठे झटकला? त्यावरून बारा तासं आणि बांधावरची बाभळ एवढंच ठरवलं. सुतळी बांधून एकेक तास पूर्ण केलं. पहिल्या दिवशी बैलाच्या पत्रीचे खिळे, एक नट, तारेचे तुकडे आणि पुड्याच पुड्या. दुसऱ्या दिवशी नवव्या तासात पुडीसारखाच बारीक आवाज आला. चार बोटांवर कुडी! मामी काहीच बोलली नाही, पदराने माती पुसत राहिली. इंजिनिअरिंगला आल्यापासून माझ्या शिक्षणाचा घरच्यांना झालेला हा पहिला प्रत्यक्ष उपयोग.

"रातच्याला ये की वाड्यात"

ही बातमी गावभर झाली आणि खरी अडचण सुरू झाली. गावातले एक तात्या संध्याकाळी आले. "आरं, ते मशीन घिऊन रातच्याला ये की वाड्यात. आज्ज्याच्या वख्ताचं हाय म्हणत्यात खाली. एक बाबा पूजा घालून जागा दावतो म्हणतोय, पर पैसं लई मागतोय."

मी म्हटलं, "तात्या, रात्री कशाला? दिवसा येतो, सगळ्यांसमोर." आणि त्यांना दोन गोष्टी समजावल्या. त्या तुम्हालाही माहीत हव्यात.

पहिली, कायद्याची. भारतीय निखात निधी अधिनियम १८७८ सालचा आहे. जमिनीत दडवलेली १० रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. लपवलं तर वाटा जातोच, शिवाय तुरुंगवास किंवा दंड होऊ शकतो. १०० वर्षांहून जुनी नाणी-मूर्ती असतील तर १९७२ चा पुरावशेष कायदाही लागतो. संरक्षित स्थळांवर विनापरवाना खणणं हा तर सरळ गुन्हा. आपल्या भागात हे फार लागू आहे, कारण वरच्या अंगाला सातवाहनांचं पैठण आणि आपल्याच जिल्ह्यात उत्खनन झालेलं भोकरदन. १९७४ मध्ये प्रवरेकाठी दायमाबादला एका गावकऱ्याला झुडपाच्या बुडाशी ब्राँझचा रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा सापडले, वजन ६० किलोहून जास्त. ते अभ्यासकांच्या हाती पोचले म्हणून आज सगळं जग त्याबद्दल वाचतं. कोणी गुपचूप वितळवले असते तर उरली असती फक्त भंगाराची पावती.

दुसरी, बाबाची. गुप्तधनासाठी अघोरी प्रकार करणं २०१३ च्या महाराष्ट्राच्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली गुन्हा आहे, शिक्षा ६ महिने ते ७ वर्षं. गुप्तधनाच्या नादात आधी पैसे जातात, मग शेत जातं, आणि कधी कधी कोणाच्या तरी लेकराचा जीव जातो. म्हणूनच हा कायदा करावा लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाड्यात, तात्यांच्या दोन्ही मुलांसमोर आणि आळीतल्या चार जणांसमोर मी बाबाने दाखवलेल्या जागेवर काठी फिरवली. आवाज आला. तात्यांच्याच हाताने वीतभर उकरलं, तर गंजलेला कडीचा कोयंडा! सगळे हसले, तात्याही. खोलवर काय आहे ते माझं यंत्र सांगू शकत नाही, हेही मी स्पष्ट सांगितलं. पण "बाबाला तरी कुठं दिसतंय?" हे त्यांच्या थोरल्या मुलानेच म्हटलं. बाबाचे पैसे वाचले. माझ्या हिशेबात त्या सुट्टीतली ही सर्वांत मोठी कमाई.

जाता जाता

यंत्र घ्यायचं असेल तर जरूर घ्या. जमीनमालकाची परवानगी घेऊन शोधा, उकरलेला खड्डा बुजवा आणि निघालेलं भंगार खिशात घाला. हौस म्हणून उत्तम, फिजिक्सची उजळणी म्हणून त्याहून उत्तम. इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना तर फायनल इयर प्रोजेक्ट आयता मिळेल. आणि होस्टेलमध्ये कोणाची अंगठी, पैंजण किंवा कपाटाची किल्ली ग्राउंडवर हरवली असेल तर निरोप द्या. फी एक चहा. फक्त येताना एवढं नक्की सांगा, शेवटचं कुठे बसला होता?