खाली 339 वर्षं, वर 566

जांभूळ गाव म्हटलं की आमच्याकडे पाणी आठवतं; उल्हास नदीचं पाणी उचलून एमआयडीसी इथंच शुद्ध करते. पण गावाला शिवार आहे, म्हणजे सातबारा आलाच. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाचा फोटो शेतातूनच मोबाइलवर काढून सरकारी सर्व्हरवर चढवायचं काम शेतकऱ्याकडे आलं. हे अपलोड. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपये भरून उतरवून घ्यायचा, हे डाउनलोड. दोन्हींत मूळ फाइल जागची हलत नाही, जाते ती नक्कल.

आता आकडे मांडू. फोटो समजा 3 एमबीचा, म्हणजे 2 कोटी 40 लाख बिट. (एका बाइटचे आठ बिट. कंपन्या वेग बिटमध्ये सांगतात, फाइल मोजली जाते बाइटमध्ये. गिऱ्हाईक फसतं ते इथंच.) राज्यात सातबारे अडीच कोटींच्या आसपास. प्रत्येकाचा एकच फोटो धरला तरी 75 टेराबाइट होतात.

हा ढीग जुन्या 56 केबीपीएसच्या मोडेमवरून, एकाच फोनलाइनवर, न थांबता उतरवायचा तर साडेतीनशेला थोडी कमी, 339 वर्षं लागतात. शिवजन्माच्या वर्षी, 1630 मध्ये, बटण दाबलं असतं तर माणूस चंद्रावर उतरला त्या 1969 साली काम संपलं असतं. हाच ढीग त्याच मोडेमवरून वर चढवायला? वर जायचा वेग 33.6. म्हणजे 566 वर्षं; काम उरकायचं 2196 मध्ये.

पुढे ब्रॉडबँड आला, आणि दरी मिटायची सोडून रुंदावली. 8 एमबीपीएस खाली, 1 एमबीपीएस वर: उतरवायला दोन वर्षं साडेचार महिने, चढवायला 19 वर्षं. तांब्याची तार तीच. वाटणीच तशी केलेली: वर जायला साधारण 26 ते 138 किलोहर्ट्झचा पट्टा, खाली यायला 138 पासून 1104 पर्यंत. लोक बघणार जास्त, पाठवणार कमी, हा हिशेब तेव्हा चुकीचा नव्हता. सातबाऱ्याची पीडीएफ समजा 200 केबीची, तर तो तीन एमबीचा फोटो तिच्या पंधरापट. शेतकऱ्याचं ओझं नेमकं अरुंद वाटेवर!

मोबाइलवर तर तारच नाही. टॉवर दहा-वीस वॅटच्या पटीत बोलतो. 4जी फोन मात्र फार तर 200 मिलिवॅट, म्हणजे एका वॅटचा पाचवा हिस्सा. रेंज बेताची असेल तर त्यातलं टॉवरपर्यंत पोचतं किती? दोन लाख कोटी भागांतला एक भाग, असं सहज घडतं. एवढ्याशा कुजबुजीतून टॉवर फोटोचा एकेक बिट वेचून काढतो. मला तरी 5जीच्या जाहिरातींपेक्षा याचं नवल जास्त वाटतं. व्हिडिओ सुरळीत चालतो आणि फोटोचं चक्र मात्र गोल गोल फिरत राहतं, त्याचं मोठं कारण हेच. सिग्नल क्षीण झाला की फोन आवाज शेवटापर्यंत चढवतो, मग बॅटरीही भराभर उतरते.

फायबरवरही प्रचलित जीपॉन पद्धतीत खाली 2.488 गिगाबिट, वर निम्मं, तेही अनेक घरांत वाटून. त्यापुढच्या एक्सजीएस-पॉनमध्ये मात्र दोन्हीकडे सारखे 10 गिगाबिट. ती अख्खी लाइन एकट्याला मिळाली, तर अडीच कोटी फोटो पावणेसतरा तासांच्या आत वर जातात आणि तेवढ्याच वेळात खालीही येतात.