व्यसनाधीन पालकांची मुले आणि कथेचा आधार

केंद्रीय सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणानुसार, देशातील सुमारे ५.७ कोटी व्यक्तींना मद्यपानाच्या समस्येसाठी मदतीची गरज होती. त्यांच्या घरांत वाढणाऱ्या मुलांची गणना मात्र या आकड्यात नाही.

अशा घरात व्यसनाविषयी बोलणे निषिद्ध मानले जाते. ‘मी अभ्यास करीत नाही, म्हणून बाबा पितात’, असा समज करून घेऊन मूल स्वतःला दोषी ठरवते. थेट विचारणा केल्यास ते गप्प राहते. अशा वेळी कथा उपयोगी पडते. वडिलांच्या परतीच्या वेळी धास्तावणाऱ्या मुलीची गोष्ट सांगून ‘तिला काय वाटत असेल?’ असे विचारले, की मूल तिच्या निमित्ताने स्वतःचे मन मोकळे करू शकते.

बंगळुरू येथील राष्ट्रीय मानसिक आरोग्य व मज्जाविज्ञान संस्थेत (निम्हान्स) बाल व किशोर मानसोपचार विभाग आणि व्यसनोपचार केंद्र अशा दोन्ही सेवा आहेत. महिला व बालविकास मंत्रालयाच्या साहाय्याने तेथे २०२० मध्ये ‘संवाद’ उपक्रम सुरू झाला. बिकट परिस्थितीतील मुलांसाठी काम करणाऱ्यांना प्रशिक्षण देणे, हे त्याचे एक प्रमुख कार्य होय. कथा, खेळ व चित्रे ही बालसमुपदेशनाची प्रचलित साधने आहेत.

कथेची निवड मात्र विचारपूर्वक व्हावी. मुलाने पहिला क्रमांक मिळवताच वडिलांनी दारू सोडली, असा शेवट घातक ठरतो. कारण त्यातून पालकाला सुधारण्याचे ओझे मुलावर येते. वडिलांना खलनायक ठरविणेही योग्य नव्हे, कारण मुलाचे त्यांच्यावर प्रेम असते. व्यसनाधीनता हा उपचारसाध्य, परंतु पुन्हा उद्भवू शकणारा आजार आहे. त्यात मुलाचा दोष नाही आणि विश्वासू मोठ्या व्यक्तीला सांगणे म्हणजे घराशी द्रोह नव्हे, एवढे कथेतून उमगले पाहिजे.

कथा उपचारांची किंवा संरक्षणाची जागा घेऊ शकत नाही. मारहाण वा उपेक्षा होत असल्यास १०९८ या बाल मदतवाहिनीशी तत्काळ संपर्क साधणे आवश्यक आहे. मानसिक आरोग्यविषयक सल्ल्यासाठी २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही सेवा उपलब्ध आहे.

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४७ मध्ये मादक पेयांच्या सेवनास बंदी घालण्याचे, तर अनुच्छेद ३९(च) मध्ये बालकांना निरामय व प्रतिष्ठापूर्ण विकासाची संधी देण्याचे निदेशक तत्त्व आहे. व्यसनमुक्तीच्या कार्यक्रमांत रुग्णाबरोबर त्याच्या मुलाचीही विचारपूस झाली, तरच ही दोन्ही तत्त्वे एकत्र साकार होतील.