पाल, सरडा आणि पायांची लांबी

आमच्या होस्टेलमध्ये दोन प्रकारचे लोक राहतात. पाल दिसली की पलंगावर चढणारे आणि पाल दिसली की झाडू शोधणारे. (मी पहिल्या गटातला, हे रूममेटने सांगायच्या आत मीच सांगून टाकतो.) सबमिशनच्या आठवड्यात रात्री दोन वाजता ड्रॉइंग शीट समोर घेतली की शीट सोडून सगळीकडे लक्ष जातं. तसं माझं ट्यूबलाइटमागच्या पालीकडे गेलं. ही बया छताला उलटी चिकटून आरामात चालते. आणि मेसमागच्या कुंपणावरचा सरडा? झाडावर सरसर चढेल, पण रंगवलेल्या गुळगुळीत भिंतीवर त्याची डाळ शिजत नाही. पाय दोघांनाही चारच, नखं दोघांनाही. मग फरक कुठे?

फरक बोटांखाली. पालीच्या बोटांच्या खालच्या बाजूला आडव्या पट्ट्या असतात (पाल खिडकीच्या काचेवर बसली की आतून स्पष्ट दिसतात, भीती बाजूला ठेवून बघा) आणि त्या पट्ट्यांवर डोळ्यांना न दिसणारे लाखो केस. टोके नावाची जी मोठी पाल आहे तिच्या एका पायावर साधारण 5 लाख केस असतात, आणि प्रत्येक केसाचं टोक पुन्हा शेकडो फाट्यांमध्ये फुटलेलं. ही टोकं भिंतीच्या इतकी जवळ जातात की रेणू-रेणूंमधलं आकर्षण कामाला येतं. बारावीच्या केमिस्ट्रीतले व्हॅन डर वाल्स बल, जे आपण दोन मार्कांसाठी पाठ केलं आणि विसरलो, तेच हे! केलर ऑटम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2000 साली एकेका केसाची ताकद मोजली. 2002 साली दाखवून दिलं की यात ना डिंक आहे, ना ओलावा लागतो. मला त्याहून भारी वाटलं ते सुटण्याचं तंत्र. केसाचा पृष्ठभागाशी कोन साधारण 30 अंशांच्या वर गेला की पकड सुटते, म्हणून पाल पाऊल उचलताना बोटं टोकापासून वर वळवते, आपण सेलोटेप सोलतो तशी.

सरड्याकडे हे काही नाही. त्याची नखं झाडाच्या खडबडीत सालीत रुततात. भिंतीच्या ऑइलपेंटमध्ये रुतायला काही नसतं, विषय संपला.

इथे एक भाषेची अडचण. इंग्रजी शाळेत शिकल्यामुळे मला लिझर्ड हा एकच शब्द ठाऊक होता आणि त्याचं मराठी मी सरसकट ‘पाल’ असं करायचो. एकदा आजीने झाडावरच्या सरड्याला पाल म्हटल्याबद्दल चांगलंच फैलावर घेतलं होतं. आता ज्या प्राण्याबद्दल सांगणार आहे त्याचं काय करायचं, हे आजीलाच विचारायला हवं. कारण त्याच्या बोटांखाली पालीसारख्या चिकट पट्ट्या आहेत, आणि बसतो झाडावर सरड्यासारखा, गळ्याची रंगीत पिशवी फुगवून. त्याचं नाव अ‍ॅनोल.

अ‍ॅनोल राहतात कॅरिबियन बेटांवर. आपल्याला ही बेटं क्रिकेटमुळे माहीत, पण इथे जमैकाबरोबर क्यूबा, हिस्पॅनिओला आणि प्वेर्तो रिको ही मोठी बेटं येतात. या चारही बेटांवर एक गंमत आहे. झाडाच्या बुंध्याच्या खालच्या भागात राहणारा अ‍ॅनोल लांब मागच्या पायांचा, पळण्या-उडी मारण्यात पटाईत. बारीक डहाळ्यांवर राहणारा सडपातळ, आखूड पायांचा, आखूड शेपटीचा, हळू चालणारा. शेंड्यावर राहणारे आणखी वेगळे. प्रत्येक बेटावर साधारण हेच नमुने. साहजिकच वाटेल की एका बेटावरचे दुसऱ्या बेटावर गेले असतील. पण 1998 साली डीएनए तपासल्यावर दिसलं की तसं नाही. बहुतेक नमुने त्या त्या बेटावर स्वतंत्रपणे घडलेत. प्रश्नपत्रिका तीच, वर्ग चार, कॉपी नाही, आणि तरी उत्तरं जवळजवळ सारखी!

लांब पाय एवढे चांगले तर सगळ्यांनाच का नाहीत? जोनाथन लोसोस यांनी अ‍ॅनोलांना वेगवेगळ्या जाडीच्या दांड्यांवर पळवून बघितलं. लांब पायांचे जाड दांडीवर सुसाट, पण बारीक दांडीवर त्यांचा वेग धाडकन उतरतो. आखूड पायांचे कुठेच फार जोरात पळत नाहीत, पण बारीक दांडीवर त्यांचं नुकसानही फारसं होत नाही. म्हणजे आपल्या डिझाइनच्या सरांचं आवडतं वाक्य, एकीकडे कमावलं की दुसरीकडे गमवावं लागतं.

आता खरी गोष्ट. 1977 आणि 1981 साली थॉमस शोनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बहामामधल्या स्टॅनियल के या बेटावरचे तपकिरी अ‍ॅनोल जवळच्या छोट्या-छोट्या बेटांवर सोडले. त्या बेटांवर मोठी झाडं नव्हती, नुसती झुडपं. प्राणी नामशेष कसे होतात हे बघायचं होतं, पण हे पठ्ठे टिकले, वाढले! 1997 साली छापून आलेल्या लेखात लोसोस, शोनर आणि वॉरहाइट यांनी मापं दिली. बेटावरची झाडी मूळ बेटापेक्षा जितकी वेगळी, तितकं शरीरही वेगळं. बारीक फांद्या तिथे पाय आखूड. दहा-पंधरा वर्षांत उत्क्रांती, मोठी बातमी.

इथे मी असतो तर थांबलो असतो. खोटं कशाला बोलू, सेकंड इयरला एका प्रॅक्टिकलमध्ये आमचं उत्तर जुळेना तेव्हा आम्ही उत्तरावरून उलटी रीडिंग काढली होती. चार जणांची एकसारखी चूक नको म्हणून शेवटचे आकडे थोडे थोडे बदलले. सरांनी सही केली. लोसोस यांनी नेमकं उलटं केलं. स्वतःच्याच निष्कर्षावर शंका घेतली. व्यायामाने दंड वाढतात, तसे हे पाय नुसत्या वापराने लांब-आखूड झाले नसतील कशावरून? त्यांनी पिल्लं घेतली, काही रुंद पृष्ठभागावर वाढवली, काही अरुंद. रुंदवाल्यांचे मागचे पाय खरंच थोडे लांब निघाले! 2000 साली त्यांनी ते छापलं. म्हणजे 1997 चा फरक आनुवंशिक होताच असं आता छातीठोक म्हणता येत नव्हतं.

मग पुन्हा कामाला लागले. आखूड पायांचे मरतात की लांब पायांचे, हेच प्रत्यक्ष मोजायचं. काही छोट्या बेटांवर जमिनीवर राहणारा, अ‍ॅनोलला खाणारा मोठा सरडा सोडला. पहिल्या सहा महिन्यांत लांब पायांचे जास्त वाचले, कारण पळता आलं. तोवर उरलेले अ‍ॅनोल घाबरून झुडपांत वर चढले, बारीक फांद्यांवर. पुढच्या सहा महिन्यांत आखूड पायांचे जास्त वाचले. वर्षभरात निवडीची दिशाच उलटली (हे 2006 साली प्रसिद्ध झालं).

सगळ्यात आपल्या लाइनचा प्रयोग 2018 चा. सप्टेंबर 2017 मध्ये इर्मा आणि मारिया ही वादळं टर्क्स अँड केकोस बेटांवर आली. कॉलिन डॉनिह्यू आणि सहकाऱ्यांनी नेमकी त्याच्या थोडं आधी तिथल्या अ‍ॅनोलांची मापं घेतली होती. ते परत गेले. वाचलेल्यांच्या बोटांच्या चिकट गाद्या सरासरीने मोठ्या, पुढचे पाय लांब, पण मागच्या मांड्या आखूड. मांड्या आखूड का? मग त्यांनी पाचोळा उडवायचा ब्लोअर आणला, अ‍ॅनोलला दांडीवर बसवलं, मागे जाळी धरली आणि वारा वाढवत नेला. अ‍ॅनोल दांडीला कवटाळतो तेव्हा मागच्या मांड्या बाजूला बाहेर येतात आणि त्यांच्यावर वारा भरतो. आधी मागचे पाय सुटतात, मग तो नुसत्या पुढच्या पायांवर झेंड्यासारखा फडफडतो, मग जाळीत. (एकालाही इजा झाली नाही.) फ्लुइडमधला ड्रॅग इतका स्पष्ट मला कधी कळला नव्हता.

रूममेट म्हणतोय, आपणही टेबलफॅनसमोर पाल धरून बघू. पण धरणार कोण, इथे घोडं अडलंय.