काचो ए पेपे आणि आपली कढी

परदेश पाहून आलेला मनुष्य दोन गोष्टी हमखास सांगतो : तिकडचे रस्ते किती स्वच्छ आणि तिकडचे जेवण किती अळणी. रोमच्या बाबतीत यातले पहिले विधान धाडसाचे होईल आणि दुसरे तर सपशेल खोटे.

रोमची खास ओळख म्हणावी असा एक पदार्थ आहे, त्याचे नाव ‘काचो ए पेपे’. काचो म्हणजे चीज, पेपे म्हणजे मिरी. शेवयांसारखा लांब पास्ता हा तिसरा जिन्नस. आणि चौथा, ज्याचे नाव कुणी घेत नाही तो, म्हणजे पास्ता शिजवलेले पाणी. कांदा नाही, लसूण नाही, लोणी-साय काही नाही. २०२३ साली एका चर्चासत्राच्या निमित्ताने रोमला जाणे झाले, तेव्हा त्रास्तेव्हेरे भागातील एका लहानशा खानावळीत तो प्रथम खाल्ला. मऊ, पांढुरक्या रसाने प्रत्येक तार माखलेली, त्यावर भरड मिरी. चव खारट, किंचित उग्र आणि शेवटी जिभेवर रेंगाळणारा तिखटपणा. हा पदार्थ बेळगावच्या स्वयंपाकघरात उतरवता येईल काय, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय.

चार जिनसांचा पदार्थ म्हणजे सोपा, असे कुणीही म्हणेल. पण किसलेले चीज सरळ गरम पास्त्यावर घालून ढवळावे, तर रस न होता चिवट गोळे होतात आणि खाली पाणी सुटते. कारण असे की, चीजमधील प्रथिने साधारण ६५ अंशांच्या पुढे तापली की एकमेकांना घट्ट धरू लागतात, आणि त्यांच्या जाळ्यातून पाणी व स्निग्धांश बाहेर पडतो. पाण्यात पुरेसा स्टार्च असेल तर तो मध्ये येतो. प्रथिनांना एकत्र जमू देत नाही आणि रस दाट व एकजीव राहतो.

हे सारे मी घरी समजावून सांगत असताना आमच्या आत्या शांतपणे म्हणाल्या, “अरे, पीठ लावल्याशिवाय कढी फुटणारच की! त्याला रोमला कशाला जायला पाहिजे?” त्यांचे म्हणणे शास्त्राला धरून आहे. ताक नुसते उकळले की फुटते. बेसन लावले की फुटत नाही. दुधातली तीच प्रथिने, तीच उष्णता, तोच उपाय.

गंमत म्हणजे या कढीच्या शास्त्रावर खरोखरीच शोधनिबंध झाला आहे. काही इटालियन भौतिकशास्त्रज्ञांनी चीज, स्टार्च आणि तापमान यांची प्रमाणे बदलून केव्हा गोळे होतात आणि केव्हा रस टिकतो, हे मोजले. आधी हसवणाऱ्या व मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनास मिळणारे ‘इग नोबेल’ पारितोषिक २०२५ साली भौतिकशास्त्रासाठी त्यांना मिळाले. निष्कर्ष असा : चीजच्या वजनाच्या १ टक्क्याहून कमी स्टार्च असेल तर गोळे होण्याचा धोका मोठा; २ ते ३ टक्के असेल तर रस बिघडत नाही. त्याहून फार वाढवला तर थंड झाल्यावर सारे खळीसारखे घट्ट होते.

खानावळीतला रस का साधतो, हेही यावरून कळते. तिथे त्याच पाण्यात दिवसभर पास्ता शिजत असतो; ते पाणी म्हणजे जवळजवळ आपली भाताची पेजच. घरी मोठ्या पातेल्यात एकदाच पास्ता उकडला तर पाणी पातळ राहते. म्हणून पाणी कमी घ्यावे. त्याहूनही खात्रीचा मार्ग या शास्त्रज्ञांनी दिला आहे. दोघा भुकेल्या माणसांसाठी २४० ग्रॅम पास्ता आणि १६० ग्रॅम चीज घ्यावे. ४ ग्रॅम कॉर्नफ्लोअर ४० ग्रॅम पाण्यात कालवून मंद आचेवर खळ होईपर्यंत शिजवावे. थोडे गार पाणी घालून ती निववावी आणि किसलेल्या चीजबरोबर मिक्सरमधून काढावी. पास्ता निथळून मिनिटभर थांबावे, मगच हा रस व मिरी घालून ढवळावे. सैल करायला पास्त्याचे पाणी बाजूला राखून ठेवावे. मीठ बेताने, कारण चीजच खारट असते.

खरी अडचण या चीजचीच. ‘पेकोरीनो रोमानो’ हे मेंढीच्या दुधाचे असते. नाव रोमचे असले तरी आज त्याचा बहुतांश सार्डिनिया बेटावर तयार होतो. किसण्याजोगे होण्यास ते किमान आठ महिने मुरवावे लागते. आपल्याकडील शाकाहारी वाचकांस एक गोष्ट सांगणे अवश्य आहे : ते दूध गोठवण्यासाठी कोकराच्या जठरातील विरजण वापरतात. ज्यांना ते चालत नाही त्यांनी सूक्ष्मजीवजन्य विरजणाचे, मुरलेले कठीण चीज शोधावे. गाईच्या दुधाच्या चीजने तो मेंढीचा उग्रपणा येत नाही, हे मात्र मान्य केले पाहिजे. आपल्या बाजूला धनगर-कुरुबरांचे कळप दिसतात, पण तसले चीज काही होत नाही. डब्यातले प्रोसेस्ड चीज वितळते छान, कारण त्यात तसे क्षारच घातलेले असतात. चव मात्र शाळेच्या डब्यातल्या सँडविचची येते.

पास्त्याचे दुःख नाही. तो ज्या कठीण गव्हाच्या रव्याचा करतात, त्याच जातीचा बन्सी रवा आपल्याकडे उपमा-शिऱ्याला वापरतात. खरबरीत पृष्ठभागाचा पास्ता निवडावा. रस त्याला धरून राहतो.

आणि मिरी? तिच्या बाबतीत उलट रोमनेच आपल्याकडे हात पसरला होता. पहिल्या शतकात प्लिनीने काळ्या मिरीचा भाव पौंडाला चार दिनार असा नोंदवला आहे. मलबारच्या किनाऱ्यावरून जाणाऱ्या मालासाठी रोममध्ये मिरीची स्वतंत्र कोठारे होती. इ. स. ४०८ मध्ये अलारिकने शहराला वेढा घातला, तेव्हा खंडणीत सोन्या-चांदीबरोबर ३,००० पौंड मिरी मागितली. पुढे सोळाव्या शतकात गेरसोप्प्याच्या चेन्नभैरादेवीला पोर्तुगीज ‘मिरीची राणी’ म्हणत. तेव्हा शिरसीकडची मिरी बाजारातून अख्खी आणावी, कोरडी भाजावी आणि आयत्या वेळी खलबत्त्यात भरड कुटावी. तिचा तिखटपणा टिकतो, पण सुगंध उडून जातो. पूड करून ठेवलेल्या मिरीने हा पदार्थ फिका पडतो.

ताटल्या आधी गरम करून ठेवाव्यात आणि माणसे पाटावर बसल्यावरच रस कालवावा. पाच मिनिटांत तो आळतो.