जुन्या ट्रकच्या इंजिनाची ओढ

उसाचा हंगाम जवळ आला की एखादा जुना ट्रक घ्यावा काय, हा विषय पुष्कळ घरांत निघतो. "गाडी जुनी आहे, पण इंजिनाची ओढ बघा!" असे विकणारा सांगतो. त्याचे म्हणणे खोटे नसते. पण ही ओढ येते कोठून, हे समजल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

इंजिनाच्या फिरवण्याच्या जोराला टॉर्क म्हणतात. ते काम किती झपाट्याने होते, ती अश्वशक्ती. समजा, दोन इंजिने १०० अश्वशक्तीची आहेत. एक ही शक्ती मिनिटाला १५०० फेऱ्यांवर देते, दुसरे ३००० फेऱ्यांवर. त्या वेगाला पहिल्याचा टॉर्क सुमारे ४८ किलोग्रॅम-मीटर, तर दुसऱ्याचा २४. गिअर लावून दुसऱ्यालाही चाकापाशी तेवढाच जोर आणता येतो. पण पाणी दिलेल्या रानातून भरलेली गाडी बाहेर काढताना क्लच फार जाळावा लागतो.

आपल्याकडील या जुन्या गाड्यांचे घराणे मोठे आहे. टेल्कोने जर्मनीच्या डाइम्लर-बेंझशी सहकार्य करून १९५४ साली ट्रक बांधण्यास सुरुवात केली. ते सहकार्य १९६९ साली संपले. त्याच वळणाचे टाटाचे ६९७ इंजिन मिस्त्री लोकांच्या तोंडी आजही असते. नावातच सारे आले : ६ सिलिंडर, ९७ मिलिमीटर व्यास. दट्ट्याची धाव १२८ मिलिमीटर, घनफळ ५६७५ घन सेंटीमीटर. धाव लांब म्हणून ताकद जास्त, असे पारावर ऐकू येते. ते अर्धेच खरे. खरा जोर मोठ्या घनफळाचा. शिवाय चढावर फेऱ्या थोड्या उतरल्या की सिलिंडरात हवा भरायला वेळ जास्त मिळतो, टॉर्क वाढतो आणि गाडी चिवटपणे तग धरते. कसाऱ्याच्या घाटात भरलेली गाडी ओढणाऱ्या ड्रायव्हरला हे पुस्तकाविना ठाऊक असते.

मात्र ओढ आहे म्हणून वरच्याच गिअरमध्ये इंजिन रखडवू नये. काळा धूर निघू लागला, ठोका ऐकू आला, की गिअर उतरवलाच पाहिजे; नाहीतर इंजिन तापते आणि बेअरिंगवर भार येतो. उतारावर तर न्यूट्रल करणे म्हणजे जिवाशी खेळ. ज्या गिअरमध्ये घाट चढलात, त्याच गिअरमध्ये उतरा.

आणखी एक खरे सांगायला हवे. आजची टर्बो बसवलेली इंजिने आकाराने लहान असूनही कमी फेऱ्यांवर याहून जास्त टॉर्क देतात आणि धूर कमी सोडतात. जुन्याची जमेची बाजू दुसरीच : साधा पंप, साधे नळ्या-नोझल, आणि तालुक्याच्या गावी दुरुस्ती होते. संगणक लावावा लागत नाही.

घ्यायचाच असेल तर मिस्त्री बरोबर न्या आणि सकाळी लवकर जा. आधी इंजिनाला हात लावून पाहा. गरम लागले तर ते तुम्ही येण्यापूर्वीच चालू करून ठेवले होते असे समजा. गार इंजिन किती वेळात पेटते ते बघा. चालू इंजिनाचे ऑइलचे झाकण काढल्यावर धुराचा झोत आला, तर रिंगा गेल्या. निळा धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर तेथूनच परत फिरा. रिकाम्या गाडीची ओढ पाहून काहीच कळत नाही. भरलेली गाडी चढावर चालवून पाहावी.

सातबारावरचा बोजा पाहता, तसा आर. सी. बुकावरचाही पाहा. फिटनेस, विमा, कर, सहा टायर आणि ड्रायव्हरचा पगार यांचा हिशेब कारभारणीसमोर मांडा. हंगामाबाहेर गाडीला कोणते भाडे मिळणार, हे ती पहिल्यांदा विचारील. त्याचे उत्तर तयार नसेल, तर या वर्षी ऊस दुसऱ्याच्या गाडीने जाऊ द्यावा.