डीमॉझच्या दारातील रांग

महाजालाच्या पहिल्या दशकात शोधयंत्रांना शब्द मोजता येत होते, परंतु पानाची प्रत पारखणे त्यांना फारसे साधत नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी त्यांनी ज्या मानवी श्रमांचा आधार घेतला, त्यांत ‘ओपन डिरेक्टरी प्रोजेक्ट’ या वर्गसूचीचे स्थान फार वरचे होते. वर्गसूची म्हणजे संकेतस्थळांची विषयवार, शाखा-उपशाखांत लावलेली यादी. तीत प्रत्येक स्थळाचे शीर्षक आणि एक-दोन वाक्यांचे वर्णन संपादकाने पाहून लिहिलेले असे. हे संपादक बिनपगारी स्वयंसेवक होते. त्यांच्या नोंदींवर गूगल, एओएल, लायकॉस यांसारख्या बड्या कंपन्या विसंबू लागल्यावर वेबमास्टरांचे, म्हणजे संकेतस्थळे उभारून ती चालवणाऱ्यांचे, नशीबही त्या नोंदींना बांधले गेले, आणि त्यातूनच पुढे दहा-बारा वर्षे धुमसत राहिलेला असंतोष जन्माला आला.

या सूचीचा उगमही अशाच असंतोषात असावा, हा योगायोग मोठा मासलेवाईक आहे. याहूची वर्गसूची त्या काळी पगारी संपादक सांभाळत. महाजालाचा विस्तार इतका झपाट्याने होत होता की मोजक्या नोकरदारांना तो पेलणे अशक्य होते, नव्या नोंदी रखडत आणि जुने दुवे निकामी होऊन पडत. सन मायक्रोसिस्टिम्समध्ये काम करणाऱ्या रिच स्क्रेंटा आणि बॉब ट्रुएल यांनी यावर उपाय म्हणून जून १९९८ मध्ये स्वयंसेवकांची सूची सुरू केली. सूचीचे पहिले नाव ‘ग्नूहू’, मग ‘न्यूहू’, काही महिन्यांतच नेटस्केपने ती विकत घेतली आणि ‘डिरेक्टरी डॉट मोझिला’ या पत्त्यावरून तिला ‘डीमॉझ’ हे रूढ नाव मिळाले. ऑक्टोबर १९९९ मध्ये तिच्यात दहा लाख नोंदी होत्या, डिसेंबर २००३ पर्यंत त्या चाळीस लाखांवर गेल्या.

शोधयंत्रांना ही सूची का हवीहवीशी वाटली, हे समजण्यासाठी त्या काळची पाने डोळ्यांसमोर आणावी लागतात. कित्येक पाने नुसत्या चित्रांची किंवा फ्लॅशमध्ये केलेली असत, त्यामुळे यंत्राला वाचण्याजोगा मजकूरच सापडत नसे; तर पानाच्या सांकेतिक मजकुरात दडवलेले वर्णन मालकानेच लिहिलेले असल्याने त्यात शब्दांची खोगीरभरती असे. त्या मानाने तटस्थ माणसाने लिहिलेले वर्णन कितीतरी भरवशाचे होते. शिवाय डीमॉझचा सगळा विदासंच श्रेय देण्याच्या अटीवर कोणालाही फुकट उतरवून घेता येई. गूगलने २००० साली त्यावरच आपली ‘गूगल डिरेक्टरी’ उभी केली आणि वर्गातील स्थळांचा क्रम पेजरँकने, म्हणजे इतर पानांकडून येणाऱ्या दुव्यांवरून पानाचे वजन ठरवणाऱ्या पद्धतीने, लावला. स्टॅनफर्डच्या तहेर हवेलीवाला यांनी २००२ मध्ये विषयानुसार पेजरँक काढण्याची रीत मांडली, तीसुद्धा डीमॉझच्या सोळा मुख्य वर्गांच्या आधारे.

विदासंच फुकट असल्यामुळे सूचीच्या असंख्य नकला महाजालावर उभ्या राहिल्या, आणि एका नोंदीबरोबर अनेक ठिकाणचे दुवे पदरात पडू लागले. ज्या यादीचा हेतू वाचकाला वाट दाखवणे एवढाच होता, ती आता धंद्याच्या वाटेवरचा नाका बनली. वेबमास्टराने योग्य उपवर्ग शोधावा, तेथील अर्जात पत्ता, शीर्षक आणि जाहिरातबाजी नसलेले वर्णन भरावे, आणि मग थांबावे, अशी रीत होती. किती थांबावे याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. एखाद्या उपवर्गाला कामसू संपादक असला तर नोंद काही दिवसांत होई. नसला तर अर्ज वर्षानुवर्षे पडून राही. नकार मिळाल्याचे कळवण्याची पद्धत नव्हती, त्यामुळे अर्ज फेटाळला गेला की अजून कोणी पाहिलाच नाही, हे कळण्यास मार्ग नसे. पुन्हा अर्ज केल्यास तो आधीच्या अर्जाची जागा घेई आणि त्यावर नवी तारीख पडे.

संपादकांची बाजू लंगडी नव्हती. आपण वाचकांसाठी राबतो, संकेतस्थळांच्या मालकांसाठी नव्हे, हे त्यांचे म्हणणे सूचीच्या मूळ उद्दिष्टाशी सुसंगत होते, आणि रोज येऊन पडणाऱ्या अर्जांत कचऱ्याचे प्रमाण इतके असे की फुकट काम करणाऱ्याने ते उपसत बसावे ही अपेक्षाच अन्यायाची होती. मात्र एखाद्या व्यवसायातला जाणकार त्याच व्यवसायाच्या उपवर्गाचा संपादक होई, तेव्हा प्रतिस्पर्ध्याची नोंद अडवणे त्याच्या हाती येई. लाच मागितल्याचे आरोपही वारंवार झाले. अशा संपादकांना काढून टाकण्याची तरतूद होती, पण चौकशी बंद दाराआड चाले. याहूने २००१ अखेर व्यापारी स्थळांकडून वर्षाला २९९ डॉलर घेण्यास सुरुवात केली, तीही अनेकांना खुपली. तरी पैसे भरणाऱ्याला निदान ठरावीक मुदतीत निर्णय मिळे.

ज्यांची नोंद झाली, तेही सुखी होते असे नाही. समजा, एखाद्या खाणावळीने पुढे निवासाच्या खोल्या सुरू केल्या, नाव बदलले, पानही नव्याने सजवले. तरी शोधाच्या निकालात गूगल त्या पानाखाली डीमॉझमधले जुने शीर्षक आणि ‘शाकाहारी जेवण’ एवढेच वर्णन दाखवू शके. दुरुस्तीसाठी पुन्हा त्याच रांगेत उभे राहावे लागे. स्वतःच्या पानाची ओळख स्वतःला बदलता येऊ नये, ही तक्रार अखेर शोधयंत्रांनी ऐकली. मे २००६ मध्ये मायक्रोसॉफ्टने आणि जुलैत गूगलने ‘नोओडीपी’ ही सूचना मान्य केली. पानाच्या सांकेतिक मजकुरात ती एक ओळ घातली की यंत्र डीमॉझचे वर्णन उचलत नसे. उपाय ओळीभराचा होता आणि तो संपूर्णपणे शोधयंत्रांच्याच हाती होता, यावरून दोषाचा मोठा वाटा कोणाचा, हे ठरवणे अवघड जाऊ नये. स्वयंसेवकांनी कधीही न मागितलेला अधिकार कंपन्यांनी त्यांच्या नोंदींना देऊन ठेवला होता, आणि त्या अधिकाराचा जाब विचारायला मात्र लोक स्वयंसेवकांच्या दारी जात होते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये डीमॉझचा सर्व्हर कोसळला आणि संपादनाचे काम डिसेंबरपर्यंत ठप्प झाले. तोवर यंत्रे पानाचा आशय स्वतःच बऱ्यापैकी वाचू लागली होती. गूगलने आपली डिरेक्टरी २०११ मध्ये बंद केली, याहूची सूची २०१४ च्या अखेरीस मिटली आणि मार्च २०१७ मध्ये, नेटस्केप ताब्यात घेतलेल्या एओएलने डीमॉझही थांबवली. जूनमध्ये गूगलने ‘नोओडीपी’ ही सूचना यापुढे विचारात घेतली जाणार नाही असे जाहीर केले. डीमॉझच्या काही संपादकांनी जुन्या नोंदी घेऊन ‘कर्ली’ या नावाने सूची पुढे चालू ठेवली.